मेजापलीकडून दिसणारे घड्याळ

जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हुद्द्यावर नेमणूक झालेल्या, अथवा वकिली, वैद्यकी किंवा पतसंस्थेच्या कारभारात नुकतेच बस्तान बसलेल्या मनुष्यास, घरखर्च, मुलांची शिक्षणे आणि कर्जाचे हप्ते भागून चार पैसे शिल्लक पडू लागले म्हणजे एखादे उंची हातघड्याळ आपल्यापाशी असावे अशी इच्छा होते, आणि ही इच्छा मला मुळीच निंद्य वाटत नाही. जी वस्तू आपण सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर बाळगतो आणि पुढेमागे मुलाच्या हाती सोपवण्याची मनीषा धरतो, ती उत्तम कारागिरीची असावी, हा विचार सुसंस्कृत आहे. परंतु ते घड्याळ कोणते असावे याचा सल्ला देणारे जे जाहिरातदार, दुकानदार आणि हौशी जाणकार आज चहूकडे बोलत असतात, त्यांच्या सल्ल्यात बुलढाण्याची कचेरी, खामगावची बाजारपेठ आणि मलकापूरचा मे महिना यांची दखल कोठेही घेतलेली आढळत नाही. आणि ती घेतल्यावाचून निवड करणारा मनुष्य पुष्कळ पैसा वेचूनही आपल्या जागेस न शोभणारी वस्तू घरी आणतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

औपचारिक पोशाखाच्या घड्याळाविषयी युरोपात रूढ झालेला पहिला नियम असा की, ते इतके पातळ असावे की सदऱ्याच्या कफाखाली सहज सरकून जावे, आणि हात पुढे केला तरच त्याची कड नजरेस पडावी. नियम उत्तम आहे, कारण आपल्याजवळील मौल्यवान वस्तू लोकांच्या डोळ्यांत भरू न देणे ही सभ्यतेची खूण सर्वच समाजांनी मानली आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातील नांदुरा, मलकापूर, शेगाव या गावी उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो, आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसल्यामुळे ज्या बुलढाण्याची हवा थंड म्हणून वऱ्हाडात वाखाणली जाते, तेथेही वैशाखातली दुपार अर्ध्या बाहीच्या सदऱ्यावाचून निभत नाही. आमच्या कचेऱ्यांतला औपचारिक पोशाख म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ अर्ध्या बाहीचा, पांढरा किंवा फिकट रंगाचा सदरा. कोट निघतो तो प्रजासत्ताकदिनाच्या समारंभाला, लग्नाला, किंवा मुंबईहून कोणी सचिव येणार असतील तर. तेव्हा घड्याळ झाकून घेणारी बाहीच जेथे नाही, तेथे जो संयम युरोपीय माणूस आपल्या कफाकडून उसना घेतो, तो आमच्याकडे घड्याळाच्या घडणीतच असावा लागतो. आणि या एका गोष्टीवरून निवडीचे बाकीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटत जातात.

कारण ते घड्याळ पाहणारा कोण, हे एकदा नीट ध्यानात घेतले पाहिजे. फेरफाराची नोंद होत नाही म्हणून पुन्हा हेलपाटा घालणारा मोताळ्याचा कास्तकार, पीककर्जाच्या प्रकरणात एक दाखला अपुरा पडला म्हणून परत धाडलेली मेहकरकडची विधवा, संग्रामपुराहून पहिली एस.टी. धरून आलेला आणि साहेब सभेत आहेत असे ऐकून व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलेला वृद्ध, अशी माणसे मेजापलीकडे असतात. अधिकारी उजव्या हाताने सही करतो तेव्हा डाव्या हाताने कागद दाबून धरतो; आणि त्या क्षणी अर्जदाराचे डोळे ज्या कागदावर खिळलेले असतात, त्या कागदावर सहीच्या जागेपासून चार बोटांवर ते घड्याळ असते. सहीकडे पाहणाऱ्याला ते टाळून सहीकडे पाहताच येत नाही. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांकरिता विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा हा एक होता, हे या ठिकाणी विसरून चालत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला; त्या भावाने दहा लाखांचे घड्याळ म्हणजे सुमारे १२३ क्विंटल कापूस, आणि कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटलांचा उतारा धरला, तर जवळजवळ पंचवीस एकरांचे अवघे पीक, तेही बियाणे, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च वजा न करता. स्वकष्टाने आणि सचोटीने मिळवलेल्या पैशाचा विनियोग कसा करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु सार्वजनिक कामासाठी बसलेल्या मनुष्याच्या मनगटावर हा हिशेब उघडा पडलेला असावा काय, हा प्रश्न केवळ त्याच्या खाजगी आवडीचा उरत नाही.

यावरून कोणी असा तर्क करील की, मी साधेपणाच्या नावाखाली वाईट घड्याळाची शिफारस करीत आहे. तसे नाही. ज्या जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या शुद्धतेसाठी रजतनगरी म्हणून ओळखले जाते, आणि जेथील पेढ्यांवर दूरदूरची गिऱ्हाइके केवळ कसाच्या भरवशावर येतात, त्या जिल्ह्यास उत्तम आणि हिणकस यांतला भेद नव्याने शिकवण्याची गरज नाही. तोच डोळा घड्याळाकडे वळवावा. चाव्या देऊन चालणाऱ्या एखाद्या चांगल्या घड्याळाची तबकडी भिंगाखाली धरावी: तासांच्या खुणा छापलेल्या आहेत की धातूच्या घडवून बसवलेल्या आहेत, काट्यांच्या कडा दाबून कापल्यासारख्या बोथट आहेत की घासून उतरत्या केलेल्या आहेत, मिनिटाचा काटा नेमका मिनिटांच्या रेषेपर्यंत पोचतो की अलीकडेच थांबतो, काळजीपूर्वक बसवलेला अंक आणि नुसता डकवलेला अंक यांच्या सावलीत काय फरक पडतो. आत बॅलन्स नावाचा जो बारीक चक्राचा गोल दर तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच ठोके, किंवा हल्लीच्या बहुतेक स्विस यंत्रांत २८,८०० वेळा, म्हणजे सेकंदाला आठ ठोके आंदोलन पावतो, त्याच्या आसाची टोके माणकाच्या वाटीत टेकलेली असतात. तबकडीवर किंवा पाठीवर ‘१७ ज्यूवेल्स’ असे जे लिहिलेले असते ते अशा माणकांविषयी, आणि घर्षण व झीज कमी करणे एवढेच त्यांचे काम. ही सारी किंमत डोळ्यांत भरत नाही. ज्याला जाण आहे त्यालाच ती दिसते. मेजापलीकडच्या मनुष्यास ते एक साधे, नीटस घड्याळ दिसते, आणि धारण करणाऱ्यास मात्र आपल्या हातावर काय आहे हे ठाऊक असते. कचेरीत वापरायच्या उंची वस्तूचे हेच खरे लक्षण मी मानतो.

या प्रदेशात घड्याळाचा काळ आला तो आगगाडीबरोबर, आणि आगगाडी आली ती कापसासाठी. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत सुरू झाला, तो खामगावच्या कापूसबाजारातील गठ्ठे मुंबईच्या बंदरास लवकर पोचावेत म्हणून. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद पडला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या तेजीत ज्यांनी अमाप द्रव्य मिळवले त्या प्रेमचंद रायचंद यांच्याच देणगीतून मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला, आणि मुंबईला तास सांगणारे ते घड्याळ उभे राहिले. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा त्या मनोऱ्यात काही अंश आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. पुढे देशभरच्या रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागल्या, ती बुलढाण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे सोळा मिनिटे पुढे होती; आणि १९०६ च्या १ जानेवारीपासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची प्रमाणवेळ लागू झाली, ती आमच्या सूर्याहून सुमारे पंचवीस मिनिटे पुढे आहे. मुंबई शहराने तर एकोणचाळीस मिनिटांचे हे अंतर मान्य करण्यास स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे घेतली. म्हणजे बुलढाण्यात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर येण्यास सरासरीने एक घटिका बाकी असते. तांब्याचे छिद्र पाडलेले घटिकापात्र पाण्यावर सोडले तर ते भरून बुडण्यास जो चोवीस मिनिटांचा अवधी लागतो, जवळजवळ तेवढीच ही तफावत. आमच्या आजे-पणजोबांनी मुहूर्ताची घटिका आणि कचेरीची वेळ ही दोन्ही गणिते एकाच दिवशी सांभाळली, आणि त्यांपैकी दुसरे गणित सांभाळण्यासाठी वकील आणि सावकार मंडळींच्या कोटाच्या खिशात साखळीचे घड्याळ आले. ते मनगटावर आले पहिल्या महायुद्धानंतर, सैनिकांचे पाहून.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, कचेरीतील घड्याळ प्रथमतः दागिना नसून अधिकाराचे साधन आहे, आणि त्याच्या अचूकपणावर परक्या माणसांचे हक्क अवलंबून असतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे उमेदवारीअर्ज सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढ्या वेळातच दाखल करावा लागतो. अखेरच्या दिवशी तीनच्या ठोक्याला कोण दालनात होता आणि कोण नव्हता, यावर एखाद्याची पाच वर्षे ठरतात. निविदेची पेटी बंद होण्याची वेळ, वाळूच्या लिलावाची वेळ, अपिलाच्या मुदतीचा शेवटचा दिवस, स्वातंत्र्यदिनी नऊ वाजून पाच मिनिटांनी होणारे ध्वजारोहण, ही सारी घड्याळाची कामे आहेत. आणि येथे एक सत्य निःसंकोचपणे सांगितले पाहिजे, जे लाख-दोन लाखांचे घड्याळ विकणारा दुकानदार सहसा सांगत नाही. ते असे की, अचूकपणाच्या कसोटीवर सेलवर चालणारे हजार-दीड हजारांचे साधे क्वार्ट्झ घड्याळ कोणत्याही उंची चाव्यांच्या घड्याळाहून सरस असते. स्वित्झर्लंडच्या अधिकृत परीक्षणात उत्तीर्ण होऊन क्रोनोमीटर ही पदवी मिळवणाऱ्या यंत्रासही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. सेलचे घड्याळ तेवढी चूक पुष्कळ दिवसांत मिळून करते. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिले क्वार्ट्झ हातघड्याळ बाजारात आणले, तेव्हाच हा वाद शास्त्रदृष्ट्या संपला. तेव्हा चाव्यांचे किंवा ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावयाचे तर ते कारागिरीच्या प्रेमासाठी घ्यावे, आणि रोज सकाळी ते मिळवून घेण्याची शिस्त पत्करावी. अचूकपणाचा मोबदला म्हणून ती किंमत कोणी मोजू नये.

ऑटोमॅटिक घड्याळाविषयी एक व्यवहाराची गोष्ट. २०२० च्या २९ फेब्रुवारीपासून राज्यातील सरकारी कचेऱ्यांस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, आणि कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शुक्रवारी सव्वासहाला कचेरी सुटताच उतरवून ठेवलेले घड्याळ सोमवारी पावणेदहाला पुन्हा हातावर चढते, तेव्हा मध्ये साडेत्रेसष्ट तास गेलेले असतात. आणि पुष्कळशा ऑटोमॅटिक यंत्रांत स्प्रिंगचा जोर अडतीस ते बेचाळीस तासच पुरतो, म्हणून ती रविवारी दुपारपर्यंत बंद पडतात. सोमवारी सकाळी घाईघाईत वेळ आणि तारीख लावताना चूक होते, ती दिवसभर वागवली जाते. अलीकडे ऐंशी तासांचा साठा असणारी यंत्रे मध्यम किमतीच्या स्विस घड्याळांतही मिळतात, टिसो कंपनीची त्यांत प्रसिद्ध आहेत. नोकरदार मनुष्याने नावापेक्षा हा आकडा आधी विचारावा. अन्यथा रोज चावी देण्याचे साधे घड्याळ बरे. त्याला सुटी नसते, आणि मालकालाही त्याचा विसर पडत नाही.

आकाराविषयी माझे मत ठाम आहे. आपल्याकडील बहुतेक पुरुषांचे मनगट सोळा-सतरा सेंटिमीटरांचे असते. त्यावर ३५ ते ३८ मिलिमीटरांचे घड्याळ शोभते, आणि हल्ली सर्रास विकली जाणारी ४२-४४ मिलिमीटरांची चाके शोभत नाहीत. पट्टा जेथे अडकतो ती दोन टोके मनगटाच्या काठाबाहेर गेली की घड्याळ परक्याचे वाटते, हे आरशात पाहून कोणासही कळेल. जाडी नऊ मिलिमीटरांच्या आत असावी. पातळपणाचे उदाहरण शोधण्यासाठी जिनिव्हाला जाण्याचे कारण नाही: होसूरच्या कारखान्यात टायटन कंपनीने २००२ साली जे एज नावाचे घड्याळ काढले त्याची अवघी जाडी साडेतीन मिलिमीटर होती आणि आतले यंत्र १.१५ मिलिमीटरांचे, आणि हे काम भारतीय तंत्रज्ञांनी केलेले आहे याचा मला अभिमान वाटतो. तबकडी पांढरी, दुधी किंवा करडी असावी, तीवर तीन काटे आणि फार तर तारखेची खिडकी. पाणबुड्यांसाठी घडवलेली फिरत्या कड्याची घड्याळे, शर्यतीचा वेळ मोजणारी तीन-तीन उपतबकड्यांची घड्याळे, हिऱ्यांची कड, अर्धे सोनेरी आणि अर्धे पोलादी साखळीपट्टे, यांपैकी काहीही कचेरीत किंवा शोकसभेत आणू नये. १९१७ चे कार्तिए टँक किंवा १९३२ चे पाटेक फिलिप कालात्राव्हा यांच्या मूळ रेखाटनाकडे पाहिले तर शंभर वर्षे न विटलेली वस्तू किती थोड्या रेषांत उभी राहते ते दिसते. ती घड्याळे आपल्या आवाक्यातली नसली तरी डोळ्यांना वळण लावण्यास फुकट उपलब्ध आहेत.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र येथील हवाच मालक. चामड्याचा पट्टा कोटाबरोबर सर्वांत शोभतो, पण वऱ्हाडातील घामाने तो एका उन्हाळ्यात कडक होतो, त्याला वास येतो आणि टाके सुटतात. म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत चामडे आणि पुढे बारीक कड्यांचा पोलादी पट्टा, अशी वर्षाची वाटणी करावी, आणि घड्याळ घेताना पट्ट्याची रुंदी अठरा किंवा वीस मिलिमीटर आहे ना ते पाहावे, कारण त्या मापाचे पट्टे चिखलीपासून शेगावपर्यंत कोठेही मिळतात. कंपनीने स्वतःच्याच खास मापाची टोके केली असतील तर दर पट्ट्यासाठी मुंबईकडे तोंड करून बसावे लागते.

आता भेटीविषयी. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सचा (एच.एम.टी.चा) घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षी हुंडाप्रतिबंधक कायदाही झाला, पण एच.एम.टी.चे घड्याळ वऱ्हाडातील लग्नांत सायकल आणि अंगठी यांच्या पंक्तीला जाऊन बसले, ते कायद्याला न जुमानता. कांचनसारख्या नमुन्यासाठी लोक जादा पैसे मोजून थांबत, आणि मुलीच्या बापाने त्यासाठी काढलेले कर्ज घड्याळाच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ चाले. त्या घड्याळांचा मोठेपणा मी मान्य करतो. जनता नावाचे सतरा माणकांचे यंत्र खेड्यातील शिक्षकापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांच्या हाती गेले, आणि देवनागरी अंकांच्या तबकडीचीही त्यात सोय होती. परंतु ‘द्यावे लागले म्हणून दिले’ अशी वस्तू मनगटावर बांधण्यात कसलीही प्रतिष्ठा नाही, आणि ही गोष्ट जावयाइतकीच अधिकाऱ्यासही लागू पडते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी सरकारी नोकराने देणग्या स्वीकारण्यावर निर्बंध घातलेले आहेत. तरी दिवाळीच्या सुमारास कंत्राटदाराकडून आलेला नजराणा मिठाईच्या खोक्याआडून घरात शिरतो, आणि घड्याळ ही वस्तू आकाराने लहान, किमतीने मोठी आणि पावतीवाचून हस्तांतरित होणारी असल्यामुळे या कामास फार सोयीची पडते. २०१६ साली कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांना मित्राकडून मिळालेले उंची घड्याळ अखेर राज्याच्या मालमत्तेत जमा करावे लागले, हे सर्वश्रुत आहे. ज्याला उंची घड्याळ वापरावयाचे आहे त्याने ते स्वतःच्या पैशाने, बँकेमार्फत रक्कम देऊन, पक्क्या पावतीने घ्यावे, आणि ती पावती मालमत्तेच्या विवरणपत्राच्या फाइलीत लावावी. दहा लाखांवरील हातघड्याळाच्या विक्रीवर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेत्याने एक टक्का आयकर उगमाशीच वसूल करावयाचा आहे; हा नियम मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे निदान तेवढ्या किमतीच्या घड्याळास धनी कोण हे कागदावर येते. मात्र नऊ लाखांच्या घड्याळास हा नियम लागू नाही, म्हणून विवेकाची जबाबदारी नियमावर ढकलता येत नाही.

खरेदीच्या क्षणी जी गोष्ट कोणाच्याच ध्यानात नसते आणि पाच-सहा वर्षांनी जी सर्वांत महत्त्वाची ठरते, ती म्हणजे दुरुस्ती. खामगावच्या बाजारपेठेत एका जिन्याखाली, एक मनुष्य जेमतेम बसेल एवढ्या जागेत, एका वृद्ध घड्याळजींचे दुकान आहे. डोळ्याला भिंग अडकवून त्यांनी एक जुने जनता घड्याळ माझ्यासमोर खोलले: पाठीचे झाकण सुरीच्या पात्याने अलगद उचलले, काटे आणि तबकडी काढून बशीत ठेवली, आणि मग चिमट्याने एकेक चाक काढून पांढऱ्या कागदावर अशा क्रमाने मांडले की परत बसवताना कागदावरून उलट चालत यावे. चाकांच्या दातांत काळा पडलेला जुना तेलाचा चिकटा होता, आणि त्यात कापसाचा एक तंतू गुंतलेला होता; घड्याळाचा धनी जिनिंगमध्ये मुनीम होता, हे त्यांनी तेवढ्यावरून ओळखले. सगळे धुऊन, सुईच्या टोकावर येईल इतकेच तेल प्रत्येक माणकाला लावून त्यांनी बॅलन्स बसवला, आणि चावीचा एक फेरा देताच तो हलू लागला. मी त्यांना माझ्या एका स्नेह्याचे परदेशी उंची घड्याळ दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन कौतुकाने उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “साहेब, वस्तू लय नामी हाय. पन हे खोलाचं हत्यारच माह्यापाशी नाही, अन् खोललं तरी याचा पार्ट मले कोन देईन?” मी विचारले, “काका, मग हे बिघडलं तर?” ते म्हणाले, “मुंबईले धाडा. दोन-चार महिने तिकडंच राहीन.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. स्वित्झर्लंडच्या अनेक मोठ्या कंपन्या आपले सुटे भाग मान्यताप्राप्त केंद्रांखेरीज कोणास देत नाहीत, आणि चाव्यांचे घड्याळ दर पाच-सात वर्षांनी खोलून साफ करावेच लागते. म्हणजे बुलढाण्यात राहणाऱ्या माणसाने असे घड्याळ घेणे म्हणजे मुंबईच्या एखाद्या केंद्राशी जन्माचा करार करणे होय. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून अमलात आलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघाबरोबरच्या करारान्वये स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे, तेव्हा अशी घड्याळे आमच्या तालुक्याच्या गावांतही अधिक दिसू लागतील यात शंका नाही. दुसरीकडे एच.एम.टी.च्या घड्याळविभागाला कुलूप लावण्याचा निर्णय २०१६ साली झाला, आणि जुने भाग हाताळू शकणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत. जिन्याखालच्या त्या दुकानात काम शिकायला कोणी मुलगा येत नाही. केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा जो उपक्रम २०२२ साली हाती घेतला, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही क्षेत्रे धरली. घड्याळ त्यात धरलेले नाही. ते धरले जावे, आयात करणाऱ्या कंपनीने सुटे भाग आणि खोलण्याची हत्यारे परवानाधारक स्वतंत्र कारागिरासही वाजवी दराने विकावीत, आणि खामगाव किंवा बुलढाण्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घड्याळदुरुस्तीचा अभ्यासक्रम सुरू व्हावा, अशी मागणी या जिल्ह्यातून झाली पाहिजे. ती पूर्ण होईपर्यंत घड्याळ घेण्यास निघालेल्या मनुष्याने दुकानात किमतीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: याच्या आतले यंत्र कोणत्या नावाचे आहे, ते इतर कोणत्या घड्याळांत वापरले जाते, आणि हमीची मुदत संपल्यावर त्याचे भाग खुल्या बाजारात मिळतात काय. ही उत्तरे कागदावर लिहून घेऊन, विकत घेण्यापूर्वी आपल्या गावच्या घड्याळजीला एकदा दाखवावीत.